आपलीच चरबी, मग धोका कसला?

पत्र

सिस्टर, नमस्कार. मी ४८ वर्षांची, इंदिरानगरला राहते, बँकेत नोकरी करते. शुगर आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, जोडीला मी रोज जॉगिंग ट्रॅकवर चालते. सोळा किलो वजन उतरलं आणि अजून उतरतंय. पण चेहरा पार ओढल्यासारखा झालाय. गाल बसलेत, डोळ्यांखाली खड्डे पडलेत. सात आठवड्यांवर मुलीचं लग्न आहे. भाची मला एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. पोटाची चरबी काढून गालात, डोळ्यांखाली, नाकाशेजारच्या रेघांत आणि भुवयांच्या मध्ये भरू म्हणाले. तुमचीच चरबी, त्यामुळे ॲलर्जी नाही, साइड इफेक्ट नाही. शिवाय त्यात स्टेम सेल असतात, कातडीही तरुण होते. लंच टाइममध्ये उरकतं. उरलेली चरबी फ्रीजमध्ये ठेवून तीन महिन्यांनी फुकट टच-अप. पॅकेज नव्वद हजारांचं, या महिन्यात पासष्ट. मी दहा हजार भरून आले. घरी अजून सांगितलेलं नाही. यजमान म्हणतील, या वयात हे काय खूळ. खरंच काही धोका असतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

यजमानांचं आधी उरकून टाकते. हे खूळ नाही. वर्षभर घाम गाळून तुम्ही सोळा किलो उतरवलेत, शुगर आटोक्यात आणलीत, आणि हळदीकुंकवाला गेलं की चारचौघी विचारणार, "काय गं, बरं नव्हतं का?" लागतंच ते. चेहरा नीट दिसावा असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. चरबी भरण्याचं ऑपरेशन म्हणजे भोंदूगिरीही नाही. न्यूबर नावाच्या जर्मन सर्जननी १८९३ सालीच हाताची चरबी काढून डोळ्याजवळचा खड्डा पडलेला व्रण भरला होता. अपघातात दबलेला गाल, आजाराने एका बाजूने सुकत गेलेला चेहरा, अशा पेशंटना याचा फार उपयोग होतो. मी डॉक्टर नव्हे, ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पण प्लास्टिक सर्जरीच्या टेबलाशी बरीच वर्षं उभी राहिले आहे, तेव्हा ट्रेच्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

लग्नाआधी हे करू नका. भुवयांच्या मधली जागा तर लग्नानंतरही नको.

"तुमचीच चरबी" हे खरं आहे, आणि ॲलर्जी होत नाही हेही खरं. पुढचं "साइड इफेक्ट नाही" मात्र साफ खोटं. काय काय होतं ते बघा. बेंबीजवळ बारीक चीर घेऊन आत सलाइन, लोकल भुलीचं औषध आणि ॲड्रिनलिन सोडतात. पोटाचा तो भाग फुगून टणक होतो. मग पोकळ नळीने, तिला आम्ही कॅन्युला म्हणतो, चरबी सिरिंजमध्ये ओढतात. सिरिंज सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तीन थर पडतात: वर मिसळीवरच्या तर्रीसारखं तेल, मध्ये पिवळी चरबी, तळाला रक्त आणि पाणी. वरचं टिपून घ्यायचं, खालचं सोडून द्यायचं, मधलं तेवढं वापरायचं. अमेरिकेतल्या सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली. मिनिटाला ३००० फेरे, तीन मिनिटं. मग ती चरबी एक मिलीच्या छोट्या सिरिंजमध्ये भरून बोथट टोकाच्या कॅन्युलाने चेहऱ्यात सोडायची. तीही बदाबदा नाही. कॅन्युला मागे ओढत ओढत थेंब थेंब, एका ओढीला मिलीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, निरनिराळ्या थरांत. सगळा चेहरा करायचा तर नीट करणाऱ्या सर्जनना दोन-तीन तास सहज लागतात. "लंच टाइममध्ये उरकतं" म्हणणारा माणूस यातली कुठली पायरी गाळतो, ते विचारायला हवं.

आता ही चरबी जिवंत असते, हीच तिची खुबी आणि हीच गोची. पोटातून निघाली तेव्हा तिचा रक्तपुरवठा तुटला. गालात नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत आजूबाजूने जे मिळेल त्यावर ती तग धरते. बारीक थेंब असेल तर निभावतं. मोठा गोळा सोडला तर त्याचा मधला भाग मरतो. साधारण तीस ते सत्तर टक्के चरबी टिकते असं धरून चालतात, पण तुमच्या गालात किती टिकेल हे कोणी आधी सांगू शकत नाही. डाव्या गालात जास्त आणि उजव्यात कमी, असंही होतं. मेलेली चरबी काही जणींची विरघळून जाते. काहींना तेलाची गाठ होते, कडक गुठळी राहते, क्वचित त्यात कॅल्शियम साचतं. डोळ्यांखालची कातडी तर इतकी पातळ की डाळीएवढी गुठळीसुद्धा वरून दिसते आणि हाताला लागते. ती काढायची म्हणजे पुन्हा टेबलावर. बाजारात मिळणारं हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे चेहऱ्यात टोचून भरायचं जेल, बिघडलं तर हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. चरबीला तसं काहीच औषध नाही. आपली असली म्हणून ती आपलं ऐकते असं नाही.

म्हणून म्हणते, सात आठवडे हा चुकीचा आकडा आहे. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा सुजलेला, काळानिळा. काही टक्के जाणार हे धरून सर्जन मुद्दाम जास्त भरतात, त्यामुळे सूज उतरली तरी काही दिवस गाल फुगलेलेच. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तुमच्या लग्नाच्या फोटोत येईल तो चेहरा या दोन्हींच्या अधलामधला, आणि तो कसा असेल यावर कोणी सही करून देणार नाही. शिवाय मुलीची आई म्हणून या सात आठवड्यांत तुम्हाला पत्रिका वाटायच्या आहेत, बस्ता बांधायचाय, लॉन्सवाल्याशी आणि केटररशी भांडायचंय. पोटाला पट्टा आणि डोळे सुजलेले अशा अवस्थेत हे कोण करणार?

तुमच्या पत्रातलं "अजून उतरतंय" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. क्लिनिकने त्याची चौकशी केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पोटातून गालात गेलेली चरबी स्वभाव बदलत नाही. पोटाची चरबी वागते तशीच ती वागते. वजन उतरत राहिलं तर गालातली चरबीही आटेल आणि पैसे पाण्यात. उलट इंजेक्शन बंद केल्यावर वजन परत चढलं, आणि बऱ्याच जणांचं ते चढतं, तर गालही फुगतील, डोळ्यांखालचेही फुगतील. चांगले सर्जन वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर राहिल्याशिवाय हात लावत नाहीत. तुमचे शुगरचे डॉक्टर ते इंजेक्शन किती दिवस चालू ठेवणार आहेत, हे आधी त्यांनाच विचारा.

त्या इंजेक्शनची आणखी एक गोष्ट. त्याने पोट हळू रिकामं होतं. रात्री जेवून सकाळी उपाशीपोटी गेलात तरी पोटात अन्न शिल्लक असू शकतं. भुलीत किंवा झोपेच्या औषधाखाली ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. म्हणून पुढे कधीही, कसलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगायचंच. आणि तिथे भूलतज्ज्ञच नसेल, "हलकंसं सेडेशन आम्हीच देतो" असं ऐकलंत तर तिथून उठा. तीन महिन्यांची शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू, मिश्री, यातलं काही तिथे विचारलं का? मिश्री विचारायला अनेकजण लाजतात. पण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि चरबी जगते ती त्यांच्याच जिवावर.

भुवयांच्या मधली जागा, म्हणजे आपण कुंकू लावतो तिथून नाकाच्या मुळापर्यंत. क्लिनिकने ती यादीत घातली हे वाचूनच मला धडकी भरली. डोळ्याला रक्त देणाऱ्या धमनीच्या बारीक फांद्या कवटीतून बाहेर पडून नेमक्या इथे, कपाळावर आणि नाकाच्या कडेला येतात. कॅन्युलाचं टोक अशा एखाद्या फांदीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर चरबी रक्ताच्या उलट दिशेने मागे सरकते, पार डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत. दट्ट्यावरचा दाब सुटला की रक्त पुन्हा नेहमीच्या दिशेने वाहू लागतं आणि ती चरबी डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत नेऊन अडकवतं. पडदा रक्ताशिवाय फार तर तास-दीड तास तग धरतो. चरबी आणखी मागे गेली तर मेंदूत, म्हणजे पक्षाघात. जगभरात कॉस्मेटिक इंजेक्शननंतर दृष्टी गेलेल्या किंवा बिघडलेल्या ९८ रुग्णांच्या नोंदी २०१५ साली एकत्र तपासल्या गेल्या. त्यातल्या जवळपास निम्म्यांना स्वतःचीच चरबी टोचलेली होती, आणि सगळ्यात जास्त वेळा जागा होती ती भुवयांच्या मधली. त्याखालोखाल नाक, मग नाकाशेजारच्या रेघा, मग कपाळ. तुमच्या पॅकेजमध्ये यातल्या दोन जागा आहेत.

घाबरवायला सांगत नाही. जगभर किती चेहऱ्यांत चरबी भरली जाते ते पाहिलं तर असं होणं फार विरळ आहे. बोथट कॅन्युला, छोटी सिरिंज, हलका हात, या सगळ्या खबरदाऱ्या त्यासाठीच आहेत, आणि त्याने धोका कमी होतो. शून्य होत नाही. कपाळावरच्या दोन आठ्यांसाठी मी हा जुगार खेळणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवताना हे माहीत असू द्या. पुढेमागे कधी करून घेतलंत तर एवढं घरात सांगून ठेवा: टोचताना किंवा नंतर लगेच डोळ्यात कळ आली, दिसेनासं झालं, पापणी पडली, कातडी पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर झाली, बोलताना जीभ जड झाली, तर "सूज आहे, उद्या या" हे ऐकत बसायचं नाही. डोळ्यांचे डॉक्टर आणि मेंदूचं सीटी स्कॅन दोन्ही असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं, १०८ला फोन करायचा.

जंतुसंसर्ग हा दुसरा विषय, आणि तो अंधत्वाइतका बातमीत येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, तर लगेच दाखवायचं, एवढं कोणीही सांगेल. पण काही जंतू सावकाश येतात. टीबीच्या जंतूंचे चुलतभाऊ म्हणावेत असे काही जंतू नळाच्या पाण्यात असतात. उपकरणं नीट ऑटोक्लेव्ह न करता, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक न करता, नुसती औषधाच्या पाण्यात बुडवून वापरली की ते चेहऱ्यात शिरतात. सगळं छान झालं म्हणून तुम्ही विसरून जाता, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, गालावर लालसर गाठ येते. नेहमीच्या अँटिबायोटिकने ती हलत नाही. अशा वेळी गाठीतला तुकडा किंवा पू काढून त्याची या जंतूंसाठी वेगळी कल्चर तपासणी करायला लागते, आणि उपचार कित्येक महिने चालतात. शुगर असलेल्या बाईने याबाबत दुप्पट सावध असावं. "तुमच्या कॅन्युला एकदाच वापरायच्या की धुऊन पुन्हा? ऑटोक्लेव्ह दाखवाल का?" असं विचारायला मुळीच संकोचू नका. नीट काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

फ्रीजमधली चरबी तर विसराच. गोठवून पुन्हा वितळवलेल्या चरबीतल्या पेशी मोठ्या संख्येने मरतात, म्हणजे तुमच्या गालात भरलं जाईल ते बरंचसं मेलेलं. वर ती बरणी कोणत्या तापमानाला, कोणाच्या शेजारी, कोणाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती, हा प्रश्न आहेच. फुकट दिलं तरी नको.

स्टेम सेलचं म्हणाल, तर चरबीत तशा पेशी असतात हे खरं. पण त्या टोचल्या की चेहरा दहा वर्षांनी तरुण होतो असा दावा करून पैसे घेणं ही वेगळी गोष्ट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतली प्रत्यारोपणं सोडली तर बाकी स्टेम सेल उपचार अजून संशोधनातच मोडतात. लॉस एंजेलिसच्या एका बाईंची हकीकत २०१२ साली छापून आली होती. त्यांच्या चेहऱ्यात चरबीतल्या स्टेम सेल टोचल्या, आणि तिथेच आधी किंवा सोबत कॅल्शियमचं फिलरही गेलं होतं. काही महिन्यांनी त्यांना डोळा नीट उघडता येईना, पापणीतून टकटक आवाज यायचा. सर्जननी उघडून पाहिलं तर आत हाडाचे तुकडे तयार झालेले. एका बाईचा अनुभव म्हणजे नियम नव्हे, मान्य. पण "कातडीही तरुण होते" हे वाक्य टाकणाऱ्याने तो वाचलेला असावा एवढी अपेक्षा आहे.

आता करणारा कोण. तुम्ही "क्लिनिक" लिहिलंत, डॉक्टरांचं शिक्षण लिहिलं नाहीत. बहुधा काउंटरवरच्या मुलीनेच सगळं सांगितलं असावं. चरबी काढणं आणि भरणं ही शस्त्रक्रिया आहे. ती एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी झालेल्या माणसाने करावी असं माझं स्पष्ट मत. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली कॉस्मेटिक प्रक्रियांबाबत सूचना काढल्या, त्यात तर सरळ म्हटलंय की यूट्यूबवर बघणं हे पुरेसं प्रशिक्षण होत नाही. यावर हसावं की रडावं! भिंतीवर फ्रेम केलेली वर्कशॉपची सर्टिफिकेटं मोजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव व पदवी पडताळून बघा. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, आपल्या गावात शिकलेल्या सर्जनांची वानवा नाही. त्यांच्याकडे गेलात की फोटो मागा. महिन्याभराचे नव्हे, वर्षानंतरचे, सारख्या उजेडातले, आणि तुमच्या वयाच्या बायकांचे. "काही बिघडलं तर मला कुठे हलवणार?" याचं उत्तर हॉस्पिटलच्या नावासकट मिळालं पाहिजे.

खर्चाचंही धड विचारून घ्या. नुसत्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. पासष्टमध्ये तो धरलाय का? मेडिक्लेम यात पैसे देत नाही.

मग लग्नात काय करायचं? शुगरच्या डॉक्टरांना सांगून आहारतज्ज्ञांकडून प्रथिनं नीट बसवून घ्या. भूक मेलेली असते म्हणून बायका चहा-खाऱ्यावर दिवस काढतात आणि चेहरा आणखी ओढलेला दिसतो. चांगली मेकअपवाली आत्ताच ठरवा, ट्रायल घ्या, डोळ्यांखालचं ती झाकेल. कोणी फिलरचं सुचवेल. ते विरघळवता येतं, म्हणून चरबीपेक्षा बरं. पण धमनीत गेलं तर त्यानेही डोळा जाऊ शकतो, आणि तेही लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदाच करू नये. वजन थांबलं, सहा महिने एका आकड्यावर राहिलं, आणि तरी गाल खुपत असतील, तर प्लास्टिक सर्जनना भेटा. फक्त गाल. तेव्हा मी नको म्हणणार नाही.

घरी सांगा. परवानगीसाठी नाही. तुमच्या संमतीपत्रावर सही तुमचीच चालते, यजमानांची लागत नाही. पण ऑपरेशननंतर रात्री डोळ्याला काही झालं तर गाडी काढणारं माणूस घरातलं असतं, आणि त्याला आधीपासून माहीत असलेलं बरं.

राहिले दहा हजार. क्लिनिकला लेखी कळवा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, की तुम्ही प्रक्रिया करून घेत नाही आणि रक्कम परत हवी. पावती जपून ठेवा. "नॉन-रिफंडेबल" म्हणाले तर ते पावतीवर कुठे छापलंय ते दाखवायला सांगा. कुठलीही सेवा न देता सगळी रक्कम दाबून ठेवणं ग्राहक कायद्यात सहज खपत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; बऱ्याचदा तेवढ्यावर पैसे परत येतात. नाहीच आले तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.